शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही? घरातल्या दोन कॉम्प्युटरमधला बिघाड शोधण्याचा क्रम

दोन कॉम्प्युटर जोडले, फोल्डर शेअर केलं, चार दिवस सगळं सुरळीत चाललं आणि एका सकाळी दुसरा कॉम्प्युटर गायब. हा बिघाड मी स्वतःच्या घरी, नातेवाइकांकडे आणि मैत्रिणींकडे इतक्या वेळा काढला आहे की आता कुणाचा फोन आला की मी आधी एवढंच विचारते: दुसरा कॉम्प्युटर दिसतच नाही, की दिसतो पण उघडत नाही, की उघडतो पण आत काही ठेवता येत नाही? या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी असतात. उत्तर नीट मिळालं तर अर्ध्या तपासण्या करायची गरजच उरत नाही.

बहुतेक जण मात्र घाईने उपाय करत सुटतात. फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या मागण्या अडवणारी भिंत) बंद करतात, पासवर्ड काढून टाकतात, सगळ्यांना सगळे हक्क देऊन मोकळे होतात. त्यातल्या एखाद्या उपायाने फोल्डर उघडतंही, पण कशामुळे उघडलं ते कळत नाही, आणि घरातले फोटो, बँकेची कागदपत्रं, मुलांच्या फायली उघड्यावर पडतात. खाली सांगितलेल्या कुठल्याही पायरीत कुठलंही कुलूप कायमचं काढावं लागत नाही. माझ्या अनुभवात तशी वेळ कधीच आली नाही.

हे सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. गोंधळ होऊ नये म्हणून दोन कॉम्प्युटरना नावं देऊया. ज्याच्यावर फायली आहेत तो 'देणारा', आणि ज्याच्यावर बसून आपण त्या उघडतो तो 'घेणारा'. हा भेद लक्षात ठेवा, कारण चूक घेणाऱ्यावर दिसते, पण दुरुस्ती बहुतेक वेळा देणाऱ्यावर करावी लागते. समोर जो कॉम्प्युटर आहे त्याचीच सेटिंग बदलत बसल्यामुळे लोकांचे तास वाया जातात.

आधी लक्षण ओळखा

- 'नेटवर्क'वर क्लिक केल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव यादीत येतच नाही.
- नाव दिसतं, पण क्लिक केल्यावर बराच वेळ थांबून 'नेटवर्क पाथ सापडला नाही' असा संदेश येतो. सोबत ०एक्स८००७००३५ हा कोड असतो.
- नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येते आणि काहीही टाकलं तरी पुन्हा तीच चौकट समोर येते.
- फोल्डर उघडतं, फायली वाचता येतात, पण नवी फाइल ठेवायला गेलं की 'ॲक्सेस डिनाइड'.
- सगळं चालतं, पण कॉपी व्हायला फार वेळ लागतो.
- कॉम्प्युटर सुरू केल्यावर जोडलेल्या ड्राइव्हवर लाल फुली दिसते, पण त्यावर दोनदा क्लिक केलं की तो नीट उघडतो. याला बिघाड समजू नका. वायफाय जोडलं जाण्याआधीच विंडोजने ड्राइव्ह उघडून पाहिलेला असतो, एवढंच.

तुमचं लक्षण कोणतं ते ठरलं की खालच्या क्रमाने तपासा. पासवर्डची चौकट येत असेल तर थेट पाचव्या तपासणीवर जा. चौकट आली याचा अर्थ तुमचा निरोप देणाऱ्यापर्यंत पोचला आणि त्याने उत्तरही दिलं. मग वायफाय, केबल किंवा फायरवॉलमध्ये शोधण्यासारखं काही उरत नाही.

१. देणारा जागा आहे का?

हे इतकं साधं वाटतं की कुणी बघत नाही. लॅपटॉपचं झाकण मिटलं किंवा ठरावीक वेळ कुणी हात लावला नाही की तो स्लीपमध्ये जातो, आणि झोपलेला कॉम्प्युटर फायली देऊ शकत नाही. 'सकाळी चालतं, दुपारी चालत नाही' अशा तक्रारींचं कारण मला बहुतेक वेळा इथेच सापडलं आहे.

देणाऱ्यावर पॉवर सेटिंग उघडा आणि चार्जर लावलेला असताना स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते. तो दिवसभर चालू ठेवायचा नसेल तर निदान घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या की फायली हव्या असतील तर आधी तो उठवावा लागतो.

याच वेळी दोन्हीकडे व्हीपीएन चालू आहे का तेही बघा. व्हीपीएन चालू असताना कॉम्प्युटरची सगळी ये-जा बाहेरच्या वाटेने होऊ शकते, आणि मग शेजारच्या खोलीतला कॉम्प्युटरही त्याला सापडत नाही. व्हीपीएन थोडा वेळ बंद करून फोल्डर उघडून बघा. तेवढ्याने काम झालं, तर त्याच्या सेटिंगमध्ये घरातल्या नेटवर्कला परवानगी देण्याचा पर्याय बहुधा असतो.

२. दोघे खरंच एका नेटवर्कवर आहेत का?

दोन्हीकडे इंटरनेट चालतं म्हणजे दोघे एकाच नेटवर्कवर आहेत, असं बहुतेकांना वाटतं. ते नेहमीच खरं नसतं. एक लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर राहून गेलेला असतो. किंवा एक मुख्य वायफायवर आणि दुसरा पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गेस्ट वायफायवर असतो. गेस्ट वायफाय मुळात त्यासाठीच असतं: पाहुण्याला इंटरनेट मिळावं, पण घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येऊ नये.

वायफायच्या नावावर विसंबू नका, पत्ता बघा. दोन्हीकडे सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वायफाय किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीज उघडा आणि आयपीव्ही४ चा पत्ता (नेटवर्कवर कॉम्प्युटर ओळखायचा, टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांचा) कागदावर लिहून घ्या. घरगुती राउटरवर पत्त्याचे पहिले तीन आकडे बहुधा दोन्हीकडे सारखे असायला हवेत. उदाहरणार्थ, एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.९ असेल तर ठीक. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.९ असेल तर घरात बहुधा दोन राउटर एकामागे एक लागले आहेत आणि दोघेही आपापले पत्ते वाटत आहेत. सिग्नल वाढवायला म्हणून जुना राउटर लावला की हे हमखास होतं. त्या जुन्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका, म्हणजे पत्ते एकच राउटर वाटेल.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्या कॉम्प्युटरला पत्ता दिलेलाच नाही. त्याने स्वतःच एक पत्ता घेतला आहे. राउटर आणि तो कॉम्प्युटर दोन्ही एकदा बंद करून सुरू करा आणि केबल असेल तर ती काढून पुन्हा घट्ट बसवा.

पत्ते बरोबर असूनही काही चालत नसेल तर राउटरच्या वायफाय सेटिंगमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाचा पर्याय शोधा. तो चालू असेल तर वायफायवरची उपकरणं एकमेकांशी बोलूच शकत नाहीत. फक्त तो एक पर्याय बंद करा.

३. यादी विसरा, पत्ता टाकून बघा

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा.

घेणाऱ्यावर फाइल एक्स्प्लोरर उघडा. वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यांना लागून देणाऱ्याचा पत्ता टाका, म्हणजे \\१९२.१६८.१.५ असा (आकडे इंग्रजी कीबोर्डने), आणि एंटर दाबा.

'नेटवर्क'मधली यादी आणि प्रत्यक्ष फायली देणं ही दोन वेगळी कामं आहेत. यादी तयार होते ती कॉम्प्युटरनी 'मी इथे आहे' अशी नेटवर्कभर दिलेल्या हाकेवरून. ती हाक वायफायवर हरवते, उशिरा पोचते, कधीकधी राउटरच ती अडवतो. फायली मात्र थेट पत्त्यावर, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून (म्हणजे विंडोजच्या आतल्या एका ठरलेल्या दारातून) जातात. म्हणून यादी रिकामी असतानाही पत्ता टाकला की फोल्डर समोर येतं, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

फोल्डर उघडलं तर तुमचा बिघाड फक्त यादीपुरता आहे. त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करा, त्याला एक अक्षर द्या आणि यादीकडे पुन्हा वळूनही बघू नका. तरी यादीत नाव हवंच असेल तर देणाऱ्यावर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' शोधा, ती सुरू करा आणि तिचा प्रकार 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' करा. 'मी इथे आहे' ही हाक हीच सर्व्हिस देते.

पत्ता टाकूनही उघडलं नाही आणि पासवर्डही विचारला नाही, तर पुढे चला. पिंग करून (म्हणजे देणाऱ्याला छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का ते) बघायला हरकत नाही, पण पिंगला उत्तर आलं नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. विंडोजची फायरवॉल पिंग अडवू शकते.

४. नेटवर्क 'पब्लिक' झालंय का?

विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' ठरवतं. पब्लिक म्हणजे परकी जागा: तिथे कॉम्प्युटर स्वतःची ओळख देत नाही आणि बाहेरून आलेल्या मागणीला दार उघडत नाही. प्रायव्हेट म्हणजे घर.

बिघाड पुन्हा पुन्हा येण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. नवा राउटर आला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि ते त्याला पब्लिक ठरवतं. मोठ्या अपडेटनंतरही मी हे बदललेलं पाहिलं आहे. तुम्ही काहीच केलेलं नसतं, तरी फोल्डर मिळेनासं होतं.

देणाऱ्यावर सेटिंगमधून वायफाय किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'प्रायव्हेट नेटवर्क' निवडा. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट या भागाखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' दोन्ही चालू करा. पब्लिकच्या भागातल्या याच गोष्टी बंदच राहू द्या, नाहीतर तोच लॅपटॉप प्रवासात परक्या वायफायवर तुमचे फोल्डर दाखवू लागेल. घेणाऱ्याचं नेटवर्कही प्रायव्हेट करून ठेवा.

५. पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा येते

या एका चौकटीने लोकांना सगळ्यात जास्त छळलं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

एकदा फोनवरून मदत करत होते. समोरची व्यक्ती म्हणाली, "अगं, पाच वेळा टाकला, रोज हाच टाकते मी!" विचारलं, किती आकडी आहे? म्हणाली, चार. तो पासवर्ड नव्हताच, पिन होता. विंडोजचा पिन फक्त त्याच एका कॉम्प्युटरपुरता असतो. तो त्या यंत्राच्या आत राहतो आणि नेटवर्कवरून चालत नाही. चेहरा किंवा बोटाचा ठसा यांचंही तेच. नेटवर्कवरून फोल्डर उघडायला खात्याचा खरा पासवर्डच लागतो, आणि तो देणाऱ्यावरच्या खात्याचा. घेणाऱ्यावर तुम्ही कसे शिरता याचा इथे काही संबंध नाही.

चौकटीत नाव काय लिहायचं, हा दुसरा घोळ. लॉगिनच्या पडद्यावर दिसणारं पूर्ण नाव इथे बहुधा चालत नाही. खातं मायक्रोसॉफ्टचं असेल तर पूर्ण ईमेल पत्ता आणि त्याचा पासवर्ड टाका. खातं फक्त त्या कॉम्प्युटरवरचं असेल तर आधी देणाऱ्या कॉम्प्युटरचं नाव, मग एक उलटी तिरपी रेघ, मग खात्याचं नाव, असं लिहा.

तिसरं कारण: खात्याला पासवर्डच नाही. घरातला कॉम्प्युटर म्हणून पुष्कळ जण तो रिकामा ठेवतात. विंडोज रिकाम्या पासवर्डचं खातं फक्त समोर बसून वापरू देतं, नेटवर्कवरून शिरू देत नाही. हा नियम चांगला आहे, त्याला वळसा घालू नका.

आणि चौथं, जरा लपलेलं. मायक्रोसॉफ्टचं खातं पहिल्या दिवसापासून फक्त पिनने वापरलं असेल तर पासवर्ड बरोबर असूनही नकार येऊ शकतो, कारण त्या कॉम्प्युटरने तो पासवर्ड कधी पाहिलेलाच नसतो. देणाऱ्यावर साइन-इनच्या पर्यायांमध्ये 'फक्त विंडोज हॅलो' (म्हणजे फक्त पिन, चेहरा किंवा ठसा) हे बटण बंद करा, लॉक करा आणि एकदा पासवर्ड टाकून आत शिरा. मग पुन्हा प्रयत्न करा.

मी मात्र हल्ली या चारही गोष्टी टाळते. देणाऱ्यावर फायलींसाठी एक वेगळं साधं खातं काढते. सेटिंगमध्ये अकाउंट्स, अदर यूजर्स, तिथे 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय' हा पर्याय निवडायचा. इंग्रजीत छोटं, मधे जागा नसलेलं नाव आणि नीट पासवर्ड द्यायचा. हक्क साधे, ॲडमिनिस्ट्रेटरचे नाहीत. मग शेअर केलेल्या फोल्डरवर फक्त या खात्याला परवानगी द्यायची आणि घेणाऱ्यावर हेच नाव-पासवर्ड टाकून 'लक्षात ठेव'वर खूण करायची. पुढे कुणी आपला पिन बदलो की ईमेलचा पासवर्ड, फोल्डर चालू राहतं. ही पद्धत धरल्यापासून या कारणासाठी मला फोन येणं जवळपास थांबलं आहे.

पासवर्ड बरोबर आहे याची खात्री असूनही नकार येत असेल तर घेणाऱ्यावर जुना पासवर्ड साठवलेला असतो. कंट्रोल पॅनलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडा, 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मध्ये देणाऱ्याचं नाव किंवा पत्ता शोधा, त्याची नोंद काढून टाका आणि घेणारा एकदा रीस्टार्ट करा. रीस्टार्ट टाळू नका, कारण एकाच कॉम्प्युटरशी एकाच वेळी दोन वेगळ्या खात्यांनी जोडलेलं विंडोजला चालत नाही, आणि जुनी जोडणी आत कुठेतरी जिवंत असते. अंदाजाने पासवर्ड टाकत बसणंही टाळा. २०२२ नंतर नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं दहा मिनिटं बंद होतं, आणि त्या वेळात बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा' हा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. तो घेऊ नका. त्याने घरातल्या नेटवर्कवर आलेल्या कुणालाही दार उघडं होतं. शिवाय विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज असं बिनपासवर्डाचं, गेस्ट म्हणून जोडणं मुळातच नाकारतं. आज चाललं तरी पुढच्या अपडेटला ते मोडेल.

६. उघडतं, पण आत ठेवता येत नाही

शेअर केलेल्या फोल्डरवर दोन पहारे असतात. एक शेअरचा, दुसरा डिस्कवरच्या फायलींचा. दोघांपैकी जो जास्त कडक त्याचं चालतं. लोक एकीकडे परवानगी देतात, दुसरीकडे विसरतात. 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'मधून फोल्डर शेअर केलं की शेअरच्या पहाऱ्यावर आपोआप 'फक्त वाचा' एवढंच येतं.

देणाऱ्यावर फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडा. 'शेअरिंग'च्या परवानग्यांमध्ये आपल्या खात्याला 'चेंज' द्या आणि 'सिक्युरिटी'च्या पानावर त्याच खात्याला 'मॉडिफाय' द्या. 'फुल कंट्रोल' द्यायची गरज नसते. पूर्ण सी ड्राइव्ह शेअर करू नका. एक वेगळं फोल्डर काढा आणि तेवढंच शेअर करा.

एखादी मोठी व्हिडिओ फाइलच जात नसेल आणि बाकी सगळं जात असेल, तर शेअर केलेला ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा आहे का बघा. पेन ड्राइव्ह आणि जुन्या बाहेरच्या डिस्क तशा असतात, आणि त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल राहूच शकत नाही.

७. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल

वेगळा अँटिव्हायरस बसवलेला असेल तर तो कधीकधी विंडोजच्या फायरवॉलच्या जागी स्वतःची चालवतो, आणि विंडोजमध्ये तुम्ही प्रायव्हेट निवडलेलं तिला कळतंच असं नाही. देणाऱ्यावरची ती फायरवॉल दोन मिनिटं थांबवा, पत्ता टाकून बघा, लगेच पुन्हा सुरू करा. त्या दोन मिनिटांत फोल्डर उघडलं तर दोषी सापडला. मग तिच्या सेटिंगमध्ये घरच्या नेटवर्कला 'ट्रस्टेड' किंवा 'होम' करा.

८. चालतं, पण फार सावकाश

वायफायवर खूप बारीक बारीक फायली कॉपी करत असाल तर वेळ लागणारच, कारण प्रत्येक फाइलसाठी दोघांत वेगळी देवाणघेवाण होते. हजारो फोटो न्यायचे असतील तर आधी त्यांची एक झिप फाइल करा.

केबलने जोडलेलं असूनही वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या आसपास येऊन थांबत असेल तर तो आकडा ओळखीचा आहे. १०० एमबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) जोडणीवर जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट जातात, प्रत्यक्षात साधारण ११. गिगाबिटवर (म्हणजे १००० एमबीपीएसवर) हाच वेग ११० च्या घरात जातो. दोन्ही कॉम्प्युटर आणि राउटर गिगाबिटचे असूनही वेग ११ वर अडतो तेव्हा मी आधी केबल बघते. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. १०० एमबीपीएसला चारच पुरतात: पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. म्हणून एखादी तार तुटली तरी जोडणी बंद पडत नाही, गुपचूप हळू होते. एका घरी प्लगचं पारदर्शक डोकं उजेडात धरून पाहिलं तर टोकाची तपकिरी तार पितळी पट्टीपर्यंत पोचलीच नव्हती. केबल बदलली आणि वेग दहापट झाला. प्लगची छोटी खिट्टी तुटलेली असेल तर ती केबलही बदलाच. ती हळूहळू बाहेर सरकते आणि दिवसातून दोनदा जोडणी तुटते.

९. राउटरशिवाय, थेट केबलने जोडलेले कॉम्प्युटर

हल्लीच्या गिगाबिट कार्डांना साधी नेटवर्क केबल चालते. फार जुन्या कार्डांना उलट्या जोडणीची, क्रॉसओव्हर केबल लागते. पत्ते हाताने द्या: एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, दोघांना सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे (बाहेर जाण्याच्या वाटेचा, म्हणजे एरवी राउटरचा पत्ता) रिकामा ठेवा. तिसरा आकडा तुमच्या वायफायच्या आकड्याहून वेगळा ठेवा, नाहीतर कुठला निरोप केबलने पाठवायचा आणि कुठला वायफायने, याचा कॉम्प्युटरला घोळ होतो.

इथे एक अडचण ठरलेली आहे. गेटवे नसलेल्या जोडणीला विंडोज 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' म्हणतं आणि पब्लिक ठरवतं, म्हणजे पुन्हा चौथ्या तपासणीचाच बिघाड. कायमची सोय हवी असेल तर दोघांना राउटरच्या मागच्या पोर्टमध्ये लावणं सोपं आणि टिकाऊ आहे.

दोन्ही टोकांना सपाट, मोठा यूएसबी प्लग असलेली साधी केबल घेऊन दोन कॉम्प्युटर कधीही जोडू नका. दोन्हीकडून ५ व्होल्टचा पुरवठा समोरासमोर येतो आणि पोर्ट जळू शकतो. त्यासाठी मधे सर्किट असलेली वेगळी केबल मिळते.

घरात फार जुना कॉम्प्युटर असेल तर

विंडोज एक्सपीला फायली देण्याची फक्त जुनी, एसएमबी१ ही पद्धत कळते. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अखेरच्या आवृत्तीपासून ती पद्धत मुळात बसवलेलीच नसते. याच पद्धतीतल्या फटीतून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ती पुन्हा चालू करू नका. जुन्या मशीनवरच्या फायली पेन ड्राइव्हने काढून घ्या. एकेकाळी सोपा असलेला 'होमग्रुप' शोधत असाल तर तोही २०१८ मध्येच विंडोज १० मधून काढला गेला आहे.

पुन्हा होऊ नये म्हणून

देणाऱ्याचा पत्ता राउटर अधूनमधून बदलतो, आणि मॅप केलेला ड्राइव्ह जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्वेशन' करून देणाऱ्याला एक पत्ता कायमचा द्या. त्याच वेळी देणाऱ्याच्या वायफाय सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' (यात कॉम्प्युटर खऱ्याऐवजी बनावट ओळख देतो) घरच्या नेटवर्कसाठी बंद करा, नाहीतर राउटर त्याला ओळखणारच नाही. दोन्ही कॉम्प्युटरची नावं वेगळी आणि १५ इंग्रजी अक्षरांच्या आत ठेवा. आणि एका कागदावर पत्ता, खात्याचं नाव आणि फोल्डरचं नाव लिहून जपून ठेवा.

कधी हात थांबवायचा

कॉम्प्युटर कचेरीचा असेल तर चौथ्या तपासणीपुढे जाऊ नका. त्यावरचे नियम तिथल्या आयटी विभागाने लावलेले असतात, त्यांनाच विचारा.

दुसरी केबल लावूनही पोर्टचा दिवा लागत नसेल, पोर्टमधल्या पिना वाकलेल्या किंवा काळ्या दिसत असतील, किंवा केबल भिंतीतून गेलेली असून तिचं एक टोक मृत असेल, तर हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. सेटिंग बदलून पोर्ट जिवंत होत नाही.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) बदल करायला सांगणारा किंवा राउटरवर ४४५ पोर्ट बाहेरून उघडायला सांगणारा कुठलाही सल्ला आला तर तिथेच थांबा. दुसरा सल्ला मानला तर घरातलं फोल्डर थेट इंटरनेटवर उघडं पडतं. घरातल्या दोन कॉम्प्युटरना त्याची कधीच गरज नसते.

देणाऱ्याच्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फोल्डर उघडताना तो अडकून राहत असेल तर फायली कॉपी करण्याचा हट्ट सोडा, तो बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. प्रत्येक नव्या प्रयत्नाने नुकसान वाढतं.

आणि फोल्डरमधल्या फायलींची नावं आपोआप बदललेली दिसली, त्या उघडेनाशा झाल्या, पैसे मागणारी चिठ्ठी सापडली, तर आधी दोन्ही कॉम्प्युटरच्या केबल काढा, वायफाय बंद करा, मग जाणकाराला फोन करा. तोवर कुठलाच पेन ड्राइव्ह किंवा बॅकअपची डिस्क त्यांना जोडू नका.